पिसदुऱ्याच्या सापासाठी केंद्रीय खाणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय खाणमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या 'लॅमेटा' नावाच्या, डायनासोरच्या काळातल्या खडकांच्या थरांत डायनासोरची हाडं सापडतात, त्यांची दगड झालेली विष्ठाही सापडते. डायनासोरच्या काळात गवत होतं, हे 2005 साली जगाला त्याच विष्ठेतून कळलं. त्याच थरांतल्या एका सापाचं नाव 2011 मध्ये 'मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस' ठेवलं गेलं. त्याचे भाऊबंद मादागास्कर आणि अर्जेंटिनात मिळतात, म्हणजे हे कुळ गोंडवनाच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या एका प्राचीन महाखंडाच्या, तुकड्यांवर पसरलेलं होतं.

पुढचा दुवा कच्छमधला. पानंध्रोच्या लिग्नाईट खाणीत मिळालेल्या 27 मणक्यांवरून आयआयटी रुरकीच्या देबजीत दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी 2024 मध्ये 'वासुकी इंडिकस' हा महाकाय साप जाहीर केला. वय 4 कोटी 70 लाख वर्षं, लांबी अंदाजे 11 ते 15 मीटर. त्यांच्या मांडणीत वासुकीचे सर्वांत जवळचे नातलग दोन : आपला पिसदुऱ्याचा साप आणि उत्तर आफ्रिकेतला जायगँटोफिस हा लुप्त साप. भारत आशियाला भिडल्यावर हे कुळ दक्षिण युरेशियामार्गे आफ्रिकेत गेलं असावं, असं ते म्हणतात. त्या वाटेचं एक टोक विदर्भात आहे, साहेब!

आणि हे सगळं कळतं कशावरून? मणक्याच्या मागच्या खाचेला दोन्ही अंगांनी बारीक छिद्रं असतात, ही या कुळाची एक मोठी खूण. ती घासली गेली की ओळख पटवणं अवघड होतं. मणका कुठल्या थरातून आला याची नोंद नसेल, तर त्याचं वयही सांगता येत नाही. मग खंडांचा इतिहास सांगणारी ती वस्तू कुणाच्या तरी कपाटातला शोभेचा दगड होते. मला याचं फार वाईट वाटतं.

आपल्या मंत्रालयानं डिसेंबर 2022 मध्ये भू-वारसा स्थळं आणि भू-अवशेष जतनाच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे मांडला होता. तो कायदा होऊ द्या, आणि त्याखाली जपायच्या स्थळांत पिसदुरा घ्या. जमीन शेतकऱ्यांची आहे, तेव्हा त्यांना न दुखावता, योग्य मोबदला देऊन हे व्हावं. नांगराला काही लागलं तर कुणाला कळवायचं, हे गावाला ठाऊक हवं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आपल्याच अखत्यारीत आहे आणि त्यांचं नागपूरला कार्यालय आहे. तिथला एक अधिकारी या गावासाठी नेमून द्या. एवढं तर कायद्याची वाट न पाहताही करता येईल.

आपला नम्र,
विदर्भातील एक नागरिक