जुन्या टर्बो इंजिनाचा दोष पेट्रोलच्या माथी नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांचा पिकअप गेला आणि ॲव्हरेज घटले, अशा तक्रारी हल्ली सर्वत्र ऐकू येतात. त्या सर्वस्वी खोट्या आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आजही स्वतः चालवणारा, आणि घरच्यांच्या मते रविवार तिच्या बॉनेटखाली वाया घालवणारा माणूस म्हणून मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. काहीही न मोजता पेट्रोलला दोष देणे आणि काहीही न मोजता सुटे भाग बदलत सुटणे, ही एकाच जातीची चूक आहे.

तेव्हाच्या औरंगाबादेत जुळणी झालेल्या या गाडीत १७८१ सीसीचे, चार सिलिंडरांचे आणि प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारे, इंजिन आहे. युरोपातील आरएसला १८० अश्वशक्ती होती, आपल्याकडे १५० मिळाली. तरीही त्या काळच्या रस्त्यांवर ती पुरून उरत असे. गेल्या हिवाळ्यात मात्र तिने दोन खोड्या सुरू केल्या. सकाळी चालू केल्यावर आयडलिंग (उभ्या गाडीतले इंजिनाचे संथ फिरणे) खालीवर होऊन गाडी थरथरे, आणि तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमच्या पुढे, म्हणजे नेमका टर्बोचा जोर लागायचा तिथे, ती दबून जाई. एका गॅरेजने प्लग आणि त्यांना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या चारही कॉइल बदलल्या, दुसऱ्याने पेट्रोल पंप बदलण्याचा सल्ला दिला, आणि तिसऱ्याने ‘साहेब, हल्लीचं पेट्रोलच असं’ म्हणून हात झटकले. वास्तविक कॉइलची शंका असेल तर संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून मिसिंग (सिलिंडरात इंधन न पेटणे) तिच्याबरोबर सरकते का, एवढे पाहणे पुरते, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

शेवटी लॅपटॉपला केबल जोडून मी आकडे वाचू लागलो. एरर कोड वाचणे म्हणजे निदान, असा अनेकांचा समज असतो. पण कोड फार तर कोणत्या खोलीत शोधायचे ते सांगतो, वस्तू कुठे आहे ते सांगत नाही. या इंजिनाच्या संगणकात ३२ क्रमांकाच्या गटात इंधनाच्या दुरुस्तीचे, म्हणजे ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन कमीजास्त सोडावे लागते याचे, दोन आकडे दिसतात, एक आयडलिंगचा आणि दुसरा गाडी चालत असतानाचा. मोजणी न झालेली हवा कुठून आत शिरत असेल तर तिचा परिणाम मुख्यतः आयडलिंगच्या आकड्यावर होतो, कारण तेव्हा एकूण हवाच थोडी असते आणि चोरवाटेने आलेल्या हवेचे प्रमाण मोठे ठरते. ई-२० चा परिणाम दुसऱ्या आकड्यात उमटतो. पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. म्हणून वीस टक्के मिश्रणासाठी निव्वळ पेट्रोलवर बेतलेल्या संगणकाला सात-आठ टक्के इंधन जास्त सोडावे लागते. माझ्या गाडीत दोन्ही आकडे वाढलेले होते, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

हवेच्या मार्गात हलक्या दाबाने धूर सोडून पाहिल्यावर मॅनिफोल्डखालच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांखालच्या) ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातील तेलाची वाफ वाहून नेणाऱ्या, नळीच्या वळणातून तो बाहेर आला. वीस वर्षे इंजिनाची धग आणि तेलाची वाफ सोसलेले रबर चिरणारच; त्यात बनवणाऱ्याला बोल लावण्याचे कारण नाही. टर्बोची जादा दाबलेली हवा वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदाही फाटला होता, त्यामुळे टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्याऐवजी उलट टर्बोच्याच तोंडाशी परतत होती. दोन्ही भाग बदलल्यावर आयडलिंगचा आकडा जवळजवळ शून्यावर आला, दुसरा मात्र अधिक सात टक्क्यांवरच राहिला. पेट्रोलचा वाटा होता तो एवढाच, आणि संगणक तो निमूटपणे भरून काढत होता. ॲव्हरेज थोडे कमी झाले आहे हे खरे, परंतु थरथर आणि दबणे यांचा त्याच्याशी संबंध नव्हता.

दुरुस्ती झाल्याचे ठरवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी रात्री द्रुतगती महामार्गावर सुसाट जाण्याची मुळीच गरज नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून ८० किलोमीटरपर्यंतचा वेळ सोबत्याला घ्यायला सांगावा, तोच प्रयोग उलट दिशेने करावा म्हणजे चढ आणि वारा यांचा परिणाम बराचसा निघून जातो, आणि टाकीतील पेट्रोल व गाडीतील माणसे दोन्ही वेळा तेवढीच असावीत. माझा सरासरी वेळ ८.१ सेकंदांवरून ६.३ वर आला. डायनो या ताकद मोजणाऱ्या यंत्रावर गाडी चढवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की तो चाकांवरची ताकद मोजतो. इंजिनाच्या दीडशेपैकी काही गिअरबॉक्समध्ये आणि टायरांत खर्ची पडते, त्यामुळे छापील आकडा कमी दिसला म्हणून इंजिन आजारी ठरत नाही. उलट, टर्बो नसलेल्या साध्या इंजिनासाठीची उंचीची आणि तापमानाची दुरुस्ती टर्बो इंजिनाला जशीच्या तशी लावली तर आकडा फुगतो, आणि पुष्कळांना तो फुगलेलाच आवडतो.

खेदाची बाब अशी की या साऱ्या काळात माझी गाडी प्रदूषणाच्या पीयूसी चाचणीत विनासायास उत्तीर्ण होत राहिली, कारण ती चाचणी गाडी जागेवर उभी असताना, इंजिनावर भार नसताना होते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणीसाठी गाडी तपासणीला न्यावीच लागते. त्या वेळी, ज्या गाड्यांना निदानाची जोडणी आहे त्यांच्या संगणकातील इंधन-दुरुस्तीचे आणि मिसिंगचे आकडे वाचून त्यांचा कागद मालकाच्या हाती द्यावा. गाडी नापास करण्यासाठी नव्हे, तर पुढच्या गॅरेजात जाताना त्याच्यापाशी काहीतरी मोजलेले असावे म्हणून परिवहन विभागाने याचा विचार करावा, अशी विनंती आपल्या पत्रामार्फत करीत आहे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे