आधी कोचला टिकू द्या, मग ट्रॉफीचं बघू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचं क्रीडा पान मी रोज वाचतो. कॉलेजच्या मॅचची बातमी असली की त्यात प्राचार्यांचं नाव असतं, बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांचं असतं, गोल कोणी मारले ते असतं, पण टीम ज्यानी तयार केली त्या कोचचं नाव क्वचितच सापडतं. हे एका पेपरचं नाही, सगळीकडे तेच आहे. म्हणून लिहितोय, पत्र जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा भाचा अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅलाहासीला शिकायला होता, त्याच्यामुळे मला तिथल्या कॉलेज बेसबॉलचा नाद लागला आणि त्यातून माइक मार्टिन हे नाव कळलं. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीचे कोच. तिथेच खेळले, तिथेच असिस्टंट झाले. १९७९ला डिक हाउजर हेड कोच होते, ते एकच सीझन करून न्यूयॉर्क यांकीज या व्यावसायिक टीमचे मॅनेजर व्हायला गेले आणि १९८०पासून टीम मार्टिनकडे आली, ती थेट २०१९पर्यंत. ४० सीझन, २,०२९ विजय, डिव्हिजन वन, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेज बेसबॉलमधे एवढे तोवर कोणाचेच नव्हते. एकाही सीझनला ४०पेक्षा कमी विजय नाहीत, आणि सीझन संपल्यावरची नॅशनल टुर्नामेंट एकदाही चुकली नाही.

आता महत्त्वाचं सांगतो. त्या टुर्नामेंटमधल्या शेवटच्या ८ टीम ओमाहा शहरात खेळतात, त्याला कॉलेज वर्ल्ड सिरीज म्हणतात. मार्टिन तिथे १७ वेळा टीम घेऊन गेले आणि एकदाही जिंकले नाहीत! १९८६ला फायनल अॅरिझोनाकडून हरले, १९९९ला मायामीकडून ६-५नी, म्हणजे एका रननी. त्यांच्याच काळातले दुसरे कोच ऑगी गॅरिडो, त्यांनी फुलरटन आणि टेक्सास या दोन युनिव्हर्सिटी मिळून ५ वेळा ती ट्रॉफी नेली. तरी मार्टिनना कोणी काढलं नाही, उलट २००५ला मैदानालाच त्यांचं नाव दिलं, अजून कोच असताना. आणि २०१८मधे गॅरिडोंचा १,९७५ विजयांचा रेकॉर्ड मोडला तो याच बिनट्रॉफीच्या माणसानी.

एवढी वर्षं मिळाली की कोच काय करू शकतो ते बस्टर पोझीच्या गोष्टीत दिसतं. पोरगा २००६ला शॉर्टस्टॉप म्हणून आला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहून बॉल अडवणारा. चांगला खेळत होता. मार्टिन आणि त्यांच्या असिस्टंटनी पुढच्या वर्षी त्याला कॅचर केलं. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच समजा, पण अख्खी मॅच उकिडवं बसायचं, तोंडाला जाळी, छातीला पॅड, आणि पिचरनी कुठला बॉल टाकायचा ते बोटांच्या खुणेनी सांगायचं. जमलं नसतं तर चांगला शॉर्टस्टॉप वाया घालवला म्हणून सगळे कोचवरच तुटून पडले असते. पण २००८ला पोझी देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून २०१०, २०१२ आणि २०१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज (कॉलेजची नाही, व्यावसायिक टीमची) जिंकला, कॅचर म्हणूनच. ज्याला पुढच्या वर्षी आपण असू की नाही हेच माहीत नाही तो कोच असली जोखीम घेईल का?

तिथेही सगळं सोपं असतं असं नाही हां. अलीकडेपर्यंत नियम असा होता की बेसबॉलला एका कॉलेजला एकूण ११.७ स्कॉलरशिप, आणि त्या जास्तीत जास्त २७ पोरांत वाटायच्या. म्हणजे कोणाला पाव, कोणाला अर्धी, आणि प्रत्येकाच्या आईबापांना ते समजवायला कोचनीच बसायचं.

आता आपल्याकडचं. माझी मुलगी इथल्या एका कॉलेजात फुटबॉल खेळते. पहिल्या वर्षी जे सर होते ते स्वतःच्या स्कूटरवर बॉलची जाळी आणि पंप घेऊन यायचे, पावसात मैदानावर गुडघाभर गवत वाढलेलं असलं की मुलींना पार्किंगच्या भिंतीजवळ न्यायचे आणि डाव्या पायानी बॉल थांबवायला लावायचे, परत परत, काळोख पडेपर्यंत. तिचा डावा पाय तिथे तयार झाला. मानधन वर्षाच्या बोलीवर, पुढच्या जूनला रिन्यू झालं नाही, कारण टीम सेमीफायनलला हरली होती. चवथीची सुट्टी संपल्यावर नवीन सर आले, त्यांना मुलींची नावं पाठ होईपर्यंत इंटरकॉलेज तोंडावर आली. याला कोचिंग म्हणायचं का? मला त्या नव्या सरांचीही दया आली, त्यांच्याही डोक्यावर जूनची तीच टांगती तलवार.

टिकलेला कोच काय देतो हे गोव्याला शिकवायची खरं तर गरज नाही. आर्मांदो कुलासोंनी धेंपो क्लबला ५ वेळा देशाची फुटबॉल लीग जिंकून दिली, ती काय एका वर्षाच्या करारावर दिली? क्लबनी वर्षानुवर्षं विश्वास टाकला म्हणून ते झालं. मग कॉलेजांनाच हे का जमू नये? निदान तीन वर्षांची नेमणूक द्या, म्हणजे एफवायला आलेली मुलगी टीवाय होईपर्यंत तिचे सर तेच राहतील. आणि रिन्यू करताना नुसती ट्रॉफी बघू नका, किती मुली तिन्ही वर्षं टिकल्या, किती युनिव्हर्सिटीच्या टीममधे गेल्या, तेही बघा.

मार्टिन १ फेब्रुवारी २०२४ला वारले. त्यांच्या हाताखाली शॉर्टस्टॉप खेळलेला लिंक जॅरेट तेव्हा तिथे हेड कोच होता आणि त्याच वर्षी जूनमधे तो टीम ओमाहाला घेऊन गेला.

संपादकसाहेब, तुमच्या हातात असलेली गोष्ट एवढीच, की यंदाच्या इंटरकॉलेजच्या बातम्यांत दोन्ही टीमच्या कोचचं नाव छापा, हरलेल्या टीमच्या सुद्धा. वार्ताहरांना तसं कळवलंत तर फार बरं होईल.

आपला,
एक पालक, डिचोली