ल्युबेकला जाताना

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

जूनमध्ये इथे हॅम्बुर्गला आलात की एक दिवस तुम्ही दोघंच जवळच्या ल्युबेक या जुन्या गावाला जाऊन यावं असं मला फार वाटतं. मला त्या आठवड्यात रजा नाही, पण गाव लहान आहे, तुम्हाला सहज जमेल. फोनवर सांगितलेलं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते. हा कागद येताना बरोबर आणा.

आधी गाडीचं. हॅम्बुर्ग हाउप्टबानहोफहून, म्हणजे मुख्य स्टेशनातून, ल्युबेकची गाडी पाऊण तासात पोचते. पाटीवर आरई ८ किंवा आरई ८० असं बघायचं. तिकीट ‘श्लेस्विग-होल्स्टाइन’ नावाचं काढायचं. एकाच तिकिटावर दोघांचा जाऊन-येऊन प्रवास होतो आणि ल्युबेकमधल्या बसलाही तेच चालतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी नऊनंतरच लागू होतं. नऊच्या आधीच्या गाडीत बसलात तर ते विनातिकीट धरतात, आणि दंड माणशी ६० युरो. दुसरं, तिकिटावर नाव लागतं आणि तपासनीस ओळखपत्र मागतो, तेव्हा पासपोर्ट जवळ हवा. सोमवारी जाऊ नका, बरीच संग्रहालयं बंद असतात. रविवारी दुकानं बंद. मंगळवार ते शुक्रवार उत्तम.

जुनं गाव एका बेटावर आहे, चारी बाजूंनी पाणी. लांबी साधारण दोन किलोमीटर, रुंदी एक. नकाशावर दिसत नाही ते असं, की या बेटाचा मधला भाग उंच आहे आणि दोन्ही अंगांचे रस्ते पाण्याकडे उतरतात. रस्ते दगडी गोट्यांचे. हौसेने प्रत्येक गल्लीत उतरलं की परत चढावं लागतं आणि दुपारपर्यंत गुडघे बोलायला लागतात. म्हणून एकदाच वर चढायचं, मग मधल्या उंच रस्त्याने उत्तरेकडे जायचं आणि परत येताना बस. आई, चप्पल नको, जाड तळाचे बूट घाल. जूनमध्येही वारा असतो, पातळ स्वेटर हातात असू दे.

स्टेशनातून बाहेर पडून सरळ चाललात की आठ-दहा मिनिटांत होल्स्टनटोर, म्हणजे गावाचा जुना दरवाजा. दोन गोल बुरूज आणि वर टोकदार छपरं. हा १४६४ ते १४७८ या काळात बांधला. बाबा, तुम्ही इथे घाई करू नका. स्टेशनकडची बाजू शत्रूची, तिथे भिंत साडेतीन मीटर जाड आहे. आत गावाकडच्या बाजूला गेलात की तीच भिंत एक मीटरही नाही आणि खिडक्याच खिडक्या. बुरूज झुकलेले दिसतील. जमीन दलदलीची, त्यावर एवढ्या विटांचा भार, बांधतानाच पाया खचायला लागला होता. सगळ्यांत खालच्या जंग्या, म्हणजे मारा करायच्या फटी, आज जमिनीच्या पातळीखाली गेल्या आहेत. पुढे १९३३-३४ मध्ये काँक्रीट वापरून बांधकाम आवळलं, तेव्हा झुकणं थांबलं. त्याआधी १८६३ साली तर हा पाडायचाच घाट होता, एका मताने वाचला.

दरवाजाला लागूनच पाण्याकाठी विटांची सहा उंच गोदामं आहेत, १५७९ ते १७४५ मधली. ती मिठाची. ल्युनेबुर्ग गावी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून काढलेलं मीठ १३९८ साली पुऱ्या झालेल्या कालव्यातून होड्यांनी इथे यायचं आणि इथून जहाजांनी स्कँडिनेव्हियाला जायचं, हेरिंग मासा खारवायला. उपासाच्या दिवसांत युरोपभर मांस वर्ज्य आणि मासा चालायचा, त्यामुळे मागणी कधी आटली नाही. समोर जी चर्चं दिसतात त्यांच्यामागे या मिठाचा पैसा बराच आहे.

मग होल्स्टनश्ट्रासेचा चढ. वर जाताना उजव्या हाताला पेट्री चर्च. त्याच्या मनोऱ्यात लिफ्ट आहे, ५० मीटरवर सज्जा. वर गेलात की बेट, पाणी, चढ-उतार सगळं एका नजरेत कळतं. हवा ढगाळ असली तर पैसे घालवू नका.

चौकात नगरपालिकेची जुनी इमारत आहे, तिचे काही भाग तेराव्या शतकातले. चौकाकडच्या उंच भिंतीत मोठी गोल भोकं दिसतील, ती वारा आरपार जाण्यासाठी ठेवली आहेत. त्या मागे छप्पर नाही, भिंत नुसतीच उभी आहे.

तिच्याच मागे मारियेनकिर्शे, म्हणजे मेरीचं चर्च. सगळ्या दिवसात एकच ठिकाण बघायला वेळ मिळाला तर हे बघा. थोडं तिकीट आहे. या भागात बांधकामाचा दगड मिळत नाही, चिकणमाती भरपूर, त्यामुळे फ्रान्समध्ये जे दगडात केलं ते इथल्या लोकांनी विटेत केलं. मधली कमान साडेअडतीस मीटर उंच आहे, विटांच्या कमानींत जगात सर्वांत उंच. आधी मधोमध उभं राहून वर बघा, मग दक्षिण मनोऱ्याच्या तळाशी जा. २८ मार्च १९४२ च्या रात्री बाँबहल्ल्यात चर्च पेटलं आणि मनोऱ्यातल्या घंटा खाली कोसळल्या. त्या उचलल्या नाहीत. जिथे पडल्या तिथेच आहेत: धातू फाटलेला, कडा वितळून मुडपलेल्या, खालच्या फरशीचे तुकडे झालेले. जाळीपलीकडून बघायचं. त्या रात्री जुन्या गावाचा सुमारे पाचवा भाग गेला. बाहेर पडल्यावर चौकाभोवती १९५० नंतरच्या साध्या इमारती का आहेत, ते त्या घंटा पाहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

जेवण इथेच आसपास करा. आई, तुझ्यासाठी नीट लिहिते. ‘ओने फ्लाइश, ओने फिश’ म्हणजे मांस नको, मासा नको. पण तेवढ्याने भागत नाही, कारण सूपमध्ये आणि परतलेल्या बटाट्यांत ‘श्पेक’ घालतात, ते डुकराचं मांस. म्हणून ‘ओने श्पेक’ हेही सांग. बटाट्याचे थालीपिठासारखे ‘कार्टोफेलपुफर’ सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर मिळतात, ते घे. पाणी मागताना ‘श्टिलेस वासर’ म्हणा, नाहीतर सोड्याचं येतं. एक-दोन युरोची नाणी आणि पन्नास सेंटची चिल्लर खिशात ठेवा, स्वच्छतागृहाला लागते.

नगरपालिकेसमोरच निडेरेगरचं दुकान, १८०६ पासूनचं. मार्झिपान म्हणजे सोललेले बदाम आणि साखर एकत्र वाटून भाजलेला गोळा. ‘ल्युबेकर मार्झिपान’ हे नाव लावायचं तर त्यात बदामाचा मूळ गोळा किमान ७० टक्के हवा, वरून घातलेली साखर ३० टक्क्यांच्या आत. स्वस्त मार्झिपान दाताला साखर लागतं, हे लागत नाही. वरच्या मजल्यावरचं छोटं प्रदर्शन फुकट आहे. काहींत दारू भरलेली असते, घेताना विचारा. बाबा, मूळ गोळ्यातही साखर असतेच, एक छोटा तुकडा पुरे. घरी नेलेलं उघडं ठेवू नका, कोरडं पडून तडकतं.

आता क्योनिगश्ट्रासेने उत्तरेकडे, सपाट रस्ता आहे. वाटेत २१ नंबरला पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांच्यावरचं संग्रहालय, प्रवेश मोफत. ते १९१३ साली ल्युबेकमध्ये जन्मले. बाबांना आवडेल, पण पाय दमले असतील तर सोडा. शेवटी कोबर्ग चौकात हायलिगन-गाइस्ट-हॉस्पिटल, १२८६ सालचं. व्यापाऱ्यांनी म्हाताऱ्या आणि आजारी गरिबांसाठी बांधलेलं. पुढच्या दालनातली भिंतीवरची चित्रं बघून मागच्या लांब दालनात जा. तिथे दोन्ही बाजूंना लाकडी खोल्यांच्या रांगा आहेत, साधारण १८२० मधल्या. एकेक खोली चारेक चौरस मीटरची, दारावर नंबर. एक पलंग ठेवला की खोली संपली. आत १९७० च्या सुमारापर्यंत माणसं राहत होती. त्याआधी एवढीही भिंत नव्हती, नुसते पलंग ओळीने. इमारतीच्या एका भागात त्यानंतरही बरीच वर्षं वृद्धाश्रम चालला. इथे बसायला जागा आहे, बसा.

जवळच ग्लोकनगीसरश्ट्रासेवर फ्युख्टिंग्सहोफ, व्यापारी आणि दर्यावर्दींच्या विधवांसाठी १६३९ मध्ये बांधलेली घरं, मधे अंगण. दरवाजा उघडा असला तरच आत जा, तिथे लोक राहतात, मोठ्याने बोलू नका.

परत चालत येऊ नका. कोबर्गवरून हाउप्टबानहोफ लिहिलेली बस घ्या. अजून दम असेल तर स्टेशनच्या अलीकडेच बसमधून उतरून होल्स्टनटोरजवळच्या धक्क्यावरून बोटीची फेरी करा, तासाभरात बेटाला वळसा पडतो आणि बसल्या बसल्या मिठाची गोदामं पाण्यातून दिसतात. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे अंधाराच्या भीतीने धावपळ करायचं कारण नाही. परतीच्या गाडीत बसलात की मेसेज टाका, मी हॅम्बुर्गला फलाटावर येते.

तुमची,
मनू