कायदा मदत निधीसाठी आवाहन: जागा जाते आहे, काम थांबवायचे नाही

सर्व सभासद, जुने देणगीदार आणि हितचिंतक यांना सप्रेम नमस्कार.

आपल्या कायदा मदत केंद्राची परळची खोली महिनाअखेरीस रिकामी करायची आहे. चाळ पुनर्विकासात गेली. ज्या काकांनी तळमजल्याची ही खोली इतकी वर्षे एक पैसा न घेता केंद्राला वापरायला दिली, ते मुलाकडे डोंबिवलीला राहायला गेले. त्यांच्याविषयी तक्रार नाही, त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण भाडेकरू म्हणून केंद्राचे नाव कुठेच नव्हते, तेव्हा बिल्डरकडून आपल्याला काहीही मिळायचे नाही. दुसऱ्यांचे कागद लावून देणाऱ्या संस्थेपाशी स्वतःचा एक कागद नाही, यावर कार्यकारिणीत हसून झाले आहे. आता पैशांचे बोलायला हवे. त्याआधी थोडे मागचे सांगू द्या, कारण यादीत नवी नावे बरीच आहेत आणि वर्षभरात जे प्रश्न कानावर आले, त्यांची उत्तरे त्या मागच्यातच आहेत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. त्या संपाने उद्ध्वस्त झालेल्यांचे ग्रॅच्युइटीचे आणि फंडाचे अर्ज लिहून देण्यापासून आपले काम सुरू झाले. पुढे गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, हे ज्याचे त्याने सिद्ध करायचे होते. गिरणी बंद, टाइमकीपर वारलेला, हजेरीपट भंगारात. आपल्या कार्यकर्त्यांनी कामगार विम्याची (ईएसआयची) कार्डे, फंडाच्या स्लिपा, पतपेढीची पासबुके, मिळेल ते जोडून फायली उभ्या केल्या. कोकणातल्या माळ्यांवरच्या ट्रंका उघडून गिरणीतले तिकीट नंबर शोधून आणले. त्यानंतर झोपडीधारकांची, १ जानेवारी २००० ला झोपडी होती हे दाखवण्याची धावपळ आली, तीही आपण केली. मग २०२०. १ मे पासून श्रमिक गाड्या सुटू लागल्या, तेव्हा बिहारच्या, उत्तर प्रदेशच्या, बंगालच्या मजुरांचे फॉर्म याच खोलीच्या दारात, तोंडाला रुमाल बांधून भरले गेले. माणसे गावी गेली आणि पोटासाठी परत आली. आपला नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये राहिला. आज रात्री-अपरात्री जे फोन येतात ते तेव्हापासूनचे आहेत. कुणी मुद्दाम ‘परप्रांतीयांसाठी’ संस्था काढलेली नाही, हे काहींना सांगावे लागते म्हणून सांगितले.

आज काम कागदांचेच आहे, परदेशी असल्याच्या संशयावरून पकडलेल्यांच्या नागरिकत्वाच्या कागदांचे. फक्त तारखा बदलल्या आहेत. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला जन्माने नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याला आई किंवा वडील नागरिक असल्याचे दाखवावे लागते. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे जन्मलेल्याचा एक पालक नागरिक असून भागत नाही, दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो. आणि हे सगळे सिद्ध करायचे ज्याला पकडले त्याने. १९४६ चा परकीय नागरिकांचा कायदा गेला, १ सप्टेंबर २०२५ पासून नवा लागू झाला, पण हे ओझे जिथल्या तिथे आहे. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र यांनी नागरिकत्व सिद्ध होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. मग उरते काय? जन्माचा दाखला, शाळेचे कागद, आईवडिलांची नावे असलेली जुनी मतदार यादी, जमिनीचा उतारा. म्हणजे नेमके जे मजूर खिशात घेऊन फिरत नाही ते.

बंगालमधल्या मालद्याचा एक गवंडी. शिवडीच्या साइटवरून चौकशीला नेला. खिशात आधार, मोबाइलमध्ये शाळेच्या प्रवेशपत्राचा फोटो, तोही अर्धा अंगठ्याखाली. आपल्या वकीलताई त्याच रात्री पोलीस ठाण्यात पोचल्या, म्हणून जबाबात ‘कागद गावी आहेत, मागवले आहेत’ एवढे वाक्य तरी नोंदले गेले. मोठा भाऊ गीतांजली एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून मूळ कागद घेऊन आला. लुंगीच्या कापडात, त्यावर प्लास्टिक, त्यावर रबरबँड, असे पुडके. त्यात २००२ च्या मतदार यादीचे पान होते, आईच्या नावाखाली पेनने रेघ मारलेली. माटुंग्याच्या आपल्या बंगाली सूनबाईंनी तिथेच बाकावर बसून त्याचे मराठी भाषांतर केले. माणूस सुटला. सगळेच असे सुटत नाहीत. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या बंगालच्या काही मजुरांना थेट सीमेपलीकडे ढकलले गेले आणि कागद पुढे आल्यावर परत आणावे लागले, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे.

दुसऱ्या बाजूला खरोखरच परदेशातून आलेले लोक आहेत, आणि त्यांचे काम मी लपवून ठेवणार नाही. परळला थंडीत स्वेटर विकणाऱ्या तिबेट्यांना आपण ओळखतो. त्यांच्या नोंदणी प्रमाणपत्राचे नूतनीकरण वेळेत झाले नाही की त्यांचीही धावाधाव होते. त्याखेरीज उपचारांना किंवा शिकायला आलेली आणि मागे देशात आग लागली म्हणून परत जाऊ न शकलेली कुटुंबे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांचा वेगळा कायदा नाही. अफगाण किंवा म्यानमारच्या माणसाचा अर्ज संयुक्त राष्ट्रांच्या दिल्लीच्या कार्यालयात पाहिला जातो, आणि तिथून निर्वासिताचे कार्ड मिळाले तरी इथल्या व्हिसाचा प्रश्न सुटत नाही. उद्या तिसऱ्या एखाद्या देशाने घेतो म्हटले तरी व्हिसा संपलेल्याला इथून बाहेर पडायला एक्झिट परमिट लागते. त्यासाठी झेवियर्स कॉलेजच्या मागच्या परकीय नोंदणी कार्यालयाचे दार. एका अफगाण बाईंचे आणि तिच्या तीन लेकरांचे प्रकरण सध्या इथेच अडले आहे. दिल्लीची तिकिटे, दरी भाषेतल्या जबाबाचे भाषांतर, नोटरी, असा सगळा खर्च निघतो. फी कुणी मागत नाही.

आता त्या प्रश्नाकडे येतो. दिवाळीच्या स्नेहमेळाव्यात एका ज्येष्ठ सभासदांनी सर्वांसमोर विचारले, “बांगलादेशींना सोडवायला आम्ही वर्गणी द्यायची का?” त्यानंतर काही वर्गण्या आल्याच नाहीत. विचारणे गैर नाही. न विचारता बंद करणे मात्र मनाला लागले, हे लिहितोच. उत्तर असे. केंद्र खोटे कागद करून देत नाही, कुणाला लपवून ठेवत नाही. जो माणूस स्वतःच बांगलादेशचा असल्याचे सांगतो त्यालाही आपण वकील देतो, कारण अटक केलेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते आणि वकील मिळावा लागतो, हा संविधानाच्या कलम २२ चा नियम परदेशी माणसालाही लागू आहे. कलम २१ चेही तेच, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात ते सांगून टाकले आहे. काहींनी सुचवले की आमचे पैसे फक्त भारतीयांवर खर्चा, पावतीवर तसे लिहा. कार्यकारिणीने नम्रपणे नकार दिला. पहिल्या रात्री ठाण्याच्या बाकावर बसलेला माणूस भारतीय आहे की नाही हे ना पोलिसांना ठाऊक असते, ना आपल्याला. ते ठरवायला कागद लागतात, कागदाला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस मिळवून देणे हेच तर आपले काम. मालद्याच्या गवंड्याला त्या रात्री कुणी विचारले असते तर उत्तर काय आले असते?

सरकारी मोफत वकील असतोच की, असेही म्हणतात. असतो, आणि कोठडीतल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तशी तरतूद आहे. १५१०० हा त्या मोफत मदतीचा क्रमांक आपण स्वतःच लोकांना देतो. पण त्या वकिलाच्या हातात अशा किती फायली असतात ते एकदा कुर्ल्याच्या कोर्टात येऊन पाहा. गावाकडची नक्कल मागवणे, भाषांतर, जामीनदार शोधणे हे त्याने कधी करायचे? ते आपण करतो आणि त्याच्या हातात देतो. कोर्टाने जामीन दिला, पण स्थानिक जामीनदार नाही म्हणून बाई भायखळ्याच्या तुरुंगात आणि मूल तिच्यासोबत आत, असे प्रसंग आले आहेत.

हे सगळे कुणाच्या जिवावर चालले तेही लिहायला हवे. नावे छापू नका अशी बहुतेकांची तंबी आहे, तरी ओळखणारे ओळखतील. घराच्या सोडतीत नंबर लागल्यावर पहिला पेढा आणि पहिली देणगी घेऊन आलेले आमचे काळाचौकीचे मामा, जे आता नाहीत. त्यांच्या मुलीने वडिलांच्या वर्षश्राद्धाचे जेवण न घालता ती रक्कम दिली. शनिवारी फायली लावायला बसणाऱ्यांना झुणका-भाकरी पाठवणाऱ्या खानावळवाल्या मावशी. त्यांचे डबे परत करायचे आपण नेहमी विसरतो आणि त्या नेहमी पाठवतात. गुंडाळलेल्या पतपेढीचे लोखंडी कपाट आपल्याला देणारे तिचे शेवटचे सेक्रेटरी. आत अजून डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि कप्प्यांवर ‘थकबाकीदार’ अशी चिठ्ठी आहे, ती मुद्दाम काढलेली नाही. उधारीची वही ठेवणारा झेरॉक्सवाला, जो स्वतः आझमगढचा. दोन गणेशोत्सव मंडळे, ज्यांनी दानपेटीतला वाटा दिला आणि वर्गणीदारांची बोलणीही खाल्ली. पोस्टातून निवृत्त झालेले आपले खजिनदार, ज्यांच्या हिशेबात एका रुपयाची चूक लेखापरीक्षकाला अजून सापडलेली नाही. वकीलताईंविषयी काय लिहू, त्यांना मिळणारे मानधन त्यांच्या लोकलच्या पासापेक्षा फार जास्त नाही.

गेल्या आवाहनाला व्हॉट्सॲपच्या गटावर जोडलेल्या हातांची चित्रे भरपूर आली. त्यातून भाडे भरता येत नाही. शिवाय आपली देणगीची एक सवय आहे, हृदयद्रावक प्रकरण छापले की पैसे येतात. पण ते छापेपर्यंत पहिली रात्र उलटून गेलेली असते. म्हणून या वेळी प्रकरणासाठी नको, कायम निधीसाठी हवे आहे.

गरज नऊ लाख रुपयांची. दोन लाख नव्या जागेची अनामत (शिवडीला एक गाळा पाहिला आहे, मालक पंधरा दिवस थांबायला तयार आहेत), उरलेले वर्षभराचे भाडे, वकिलांचे मानधन, नकला, भाषांतर, प्रवास. हाती आजमितीस सव्वा लाख. धनादेश केंद्राच्या नावे, रेखांकित. खाते क्रमांक आणि यूपीआयचा कोड पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर व फलकावर आहे, फिरत्या संदेशातल्या क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. रोख दोन हजारांवर दिल्यास देणगीवरची आयकराची सूट नाही, नवी करप्रणाली घेतली असल्यास कशावरच नाही. पावतीसाठी पॅन द्यावा. परदेशातल्या मुलांकडून घेताना: पासपोर्ट भारतीय असेल तर चालेल, तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर घेता येणार नाही, आपली विदेशी देणगीची नोंदणी नाही. ज्यांची मुले तिकडे व्हिसाच्या वकिलाला डॉलर मोजतात, त्यांना या कामाचे मोल मी सांगायला नको.

पैसे नसतील तर: बांगला वाचता येणारे, शनिवारी चार ते सात बसू शकणारे, आणि जामीनदार. जामीनदाराला रेशनकार्ड व उत्पन्नाचा पुरावा लागतो, आणि माणूस पळाला तर रक्कम भरावी लागते. घरच्यांना विचारूनच हो म्हणा.

आपला,
कार्यवाह

ता. क. गेल्या वर्षीच्या पुष्कळ पावत्या न नेता पडून आहेत. खोली रिकामी करण्याआधी येणाऱ्या शनिवारी घेऊन जाव्यात, येताना टेम्पोवाला ओळखीचा असेल तर त्याचा नंबर आणावा.