फुल्या मारल्या की शिवी झाकली जाते, कळत नाही

मा. संपादक,
स. न.

निवडणुकीचा हंगाम आला की राजकीय शिवीगाळीच्या बातम्या दोन तऱ्हांनी छापून येतात. एकीत 'अमुक नेत्याने तमुक नेत्याबद्दल अपशब्द वापरले' एवढेच असते, शब्द कोणता ते शेवटपर्यंत कळत नाही. दुसरीत गद्दार, अंधभक्त, टुकडे टुकडे गँग हे शब्द अवतरणचिन्हांशिवाय थेट मथळ्यात चढतात, जणू ते वृत्तपत्राचेच म्हणणे आहे. पहिल्या तऱ्हेत वाचकाला निवाडा करता येत नाही आणि दुसरीत तो आधीच करून ठेवलेला असतो.

शिवीचा कोशातला अर्थ अशा वेळी फारसा कामाचा नसतो. ती कोणाला लागते, ते पाहावे लागते. 'चमचा' म्हणजे दुसऱ्याच्या हाताने चालणारी वस्तू. पुणे कराराला 50 वर्षे झाली तेव्हा, 1982 मध्ये, कांशीराम यांनी याच शब्दावर अख्खे पुस्तक लिहून त्याला राजकीय सिद्धान्ताचे वजन दिले. 'हुजऱ्या' आणि 'भाट' त्याच कुळातले. हे शब्द वागण्यावर बोट ठेवतात. वागणे बदलले की शिवी गळून पडते. बोचरे असले तरी राजकारणात ते चालावेत, असे आमचे मत आहे.

आडनावावर बेतलेल्या शिवीचे तसे नसते. 2022 मध्ये शिवसेना फुटल्यावर 'मिंधे' हा शब्द एका आडनावाशी यमक जुळवून गाजला. मूळ मराठी 'मिंधा' म्हणजे उपकाराखाली दबलेला. शब्द चांगला, अर्थ नेमका. पण यमकामुळे तो त्या आडनावाच्या प्रत्येकाच्या दारात जाऊन पडतो. रायगड मोगलांकडे गेला 1689 मध्ये, तरी फितुरीचा विषय निघाला की सूर्याजी पिसाळाचे नाव आजही तोंडात येते आणि त्या आडनावाच्या शाळकरी मुलांनाही ते ऐकावे लागते. लोकसभेत 'गोडसे' हा शब्द असंसदीय यादीत होता. नाशिकचे तेव्हाचे खासदार हेमंत गोडसे यांनी आक्षेप घेतल्यावर, 2015 मध्ये तत्कालीन अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी आडनाव असंसदीय ठरू शकत नाही असा निर्णय दिला. गंमत अशी की 'आयाराम-गयाराम' हेही मुळात एका माणसाचे नाव. हरियाणातले आमदार गया लाल यांनी 1967 मध्ये पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, त्यावरून ते निघाले. आज ते आमदार कोणाला आठवत नाहीत, शिवी मात्र पक्षांतराची झाली आहे. 1985 मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा आला, तरी तिला काम कमी पडलेले नाही.

सर्वांत वाईट जात म्हणजे समोरच्याला हिणवण्यासाठी तिसऱ्याला वापरणारी शिवी. 'आम्ही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत' हे वाक्य महाराष्ट्रात सर्व पक्षांचे नेते बोलतात, आणि अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करायला पक्षांच्या महिला आघाड्याच पुढे असतात. त्यात अपमान अधिकाऱ्याचा होत नाही, बांगड्या भरणाऱ्या हातांचा होतो. पत्रकारांसाठी वापरला जाणारा 'प्रेस्टिट्यूट' ('प्रेस' आणि वेश्येसाठीचा इंग्रजी शब्द यांचा जोड) त्याच माळेतला. अपंगत्वावरचे शब्दही तसेच. डिसेंबर 2023 मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना जी सूचना दिली, तिच्यात मुका, बहिरा, आंधळा, लंगडा, वेडा अशा अर्थाचे शब्द प्रचारात वापरू नका, असे सांगितले आहे. त्या न्यायाने 'अंधभक्त'मधला 'अंध' टिकेल का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. शिवाय 'भक्त' हा वारकऱ्यांचा मानाचा शब्द त्यात नाहक खर्ची पडतो. पलीकडच्या बाजूने निघालेला 'फुरोगामी' निदान कोणाचे व्यंग काढत नाही. एक अक्षर बदलून अख्ख्या विचारधारेला हसण्यावारी नेतो, एवढेच.

शिवी आणि आरोप यांतली सीमा तर बातमीत सर्रास पुसली जाते. मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे एक लाख आणि खोका म्हणजे एक कोटी. त्यामुळे 'पन्नास खोके' ही शिवी नव्हे. 50 कोटी घेतल्याचा तो आरोप आहे आणि आरोपाला पुरावा लागतो. 'चमचा' हे मत आहे, त्याला पुरावा मागता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि बोलणाऱ्याबरोबर छापणाराही त्यात अडकू शकतो. सभागृहात बोललेल्याला घटनेच्या कलम 105 आणि 194 चे संरक्षण असते, मैदानातल्या सभेला ते नाही. तेव्हा वाक्य कुठे उच्चारले गेले, हे बातमीत आलेच पाहिजे.

असंसदीय शब्दांच्या यादीबद्दलही गैरसमज आहे. लोकसभा सचिवालयाच्या जुलै 2022 च्या पुस्तिकेत 'चमचा', 'जुमलाजीवी', 'बालबुद्धी' हे शब्द होते. पण ती बंदीची यादी नव्हती. वेगवेगळ्या सभागृहांच्या कामकाजातून पूर्वी वगळलेल्या शब्दांचे ते संकलन होते. वगळायचे की नाही हे पीठासीन अधिकारी संदर्भ पाहून ठरवतात.

हिंदीतून उचललेल्या शिव्या मराठी पानावर आणखी घोळ घालतात. 'गोदी मीडिया' वाचून माझगाव गोदी डोळ्यांपुढे येते. हिंदीत गोदी म्हणजे मांडी, आणि पंतप्रधानांच्या आडनावाशी जुळणारे यमक हा त्यातला दुसरा पदर. 'जुमला' आपल्याला जमीनजुमल्यातून माहीत, म्हणजे एकूण बेरीज. हिंदीत तो वाक्याचा शब्द असून, 2015 नंतर पोकळ आश्वासनासाठी रूढ झाला. असे शब्द पहिल्यांदा येतात तेव्हा अर्ध्या ओळीत अर्थ द्यायला जागा किती लागते?

आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. वागण्यावरची शिवी बातमीत एकदाच, जशीच्या तशी, बोलणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि तारीख देऊन छापावी. मथळ्यात घेऊ नये. बातमी वाचून दाखवली तर अवतरणचिन्ह ऐकू येत नाही, आणि बरेच वाचक मथळ्यापुढे जातही नाहीत. जातीचे नाव, स्त्रीत्व किंवा अपंगत्व यांवरची शिवी अक्षरशः छापू नये. मात्र 'अपशब्द' म्हणून मोकळेही होऊ नये. 'जातिवाचक शिवी दिली' किंवा 'महिलांना हीन लेखणारा शब्द वापरला' असा प्रकार सांगावा, कारण कोणता कायदा लागू होईल ते त्या प्रकारावरच ठरते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला चारचौघांत जातिवाचक शिवीगाळ झाली तर अॅट्रॉसिटी कायदा, अपंगत्वावरून हेतुपुरस्सर अपमान केला तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 92. आणि अर्धी अक्षरे ठेवून मध्ये फुल्या टाकण्याची पद्धत तेवढी बंद करावी. तिने शालीनता राखली जात नाही, वाचकाला कोडे मात्र पडते, आणि पुष्कळदा तो मूळ शब्दापेक्षा वाईट शब्द त्या जागी बसवतो.

आपले,
मराठी भाषेचे काही अभ्यासक