एडिनबराच्या काकूंना, मनापासून

काकू, नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून लिहीत नाहीये, पण आभार मात्र सगळ्यांसमोरच मानायचे होते.

आजीच्या बायबलमध्ये ते पोस्टकार्ड होतं, तिच्या पुण्याच्या शाळेतल्या मिसबाईंनी सुट्टीत मायदेशी गेल्यावर पाठवलेलं. 'तुझा पत्र मिळाला, फार आनंद झाली' असं टपोऱ्या देवनागरीत, आणि वर कोपऱ्यात इंग्लिशमध्ये विमेन्स मिशनरी कॉलेज, एडिनबरा. बास, एवढाच धागा. आत्येबहिणीने तुमचा नंबर दिला, मी भीत भीत मेसेज केला आणि तुम्ही गुडघा दुखत असताना, पावसात, दोन बस बदलून इन्व्हर्लिथ टेरेसला जाऊन त्या इमारतीसमोर उभ्या राहिलात. ओळख ना देख, कोण करतं हो एवढं?

आणि मग रात्री फोनवर जे सांगितलंत ना, ते ऐकून मी अक्षरशः खालीच बसले. ते कॉलेज १८९४ मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने काढलं आणि पहिल्या प्रिन्सिपॉल कोण, तर ॲनी हंटर स्मॉल, ज्या १८७६ ला पुण्यात आल्या होत्या, विशीसुद्धा उलटली नव्हती, आणि घराघरात जाऊन बायकांना शिकवत होत्या! तब्येत ढासळली म्हणून १८९२ मध्ये परत गेल्या आणि दोनच वर्षांत हे कॉलेज. म्हणजे आमच्या पुण्यात जे कळलं, की नुसत्या श्रद्धेवर भागत नाही, समोरच्या माणसाचा धर्म, त्याचं जगणं आधी नीट समजून घ्यावं लागतं, ते त्या तिकडे १९१३ पर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. मला आत्तापर्यंत वाटायचं सगळं तिकडूनच इकडे आलं.

मेरी लस्क यांचंही तुम्हीच सांगितलंत, तिथे शिकवायच्या, १९६३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जनरल असेंब्लीपुढे, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेपुढे, उभ्या राहून म्हणाल्या की मलाही पाळक म्हणून दीक्षा द्या, आणि १९६८ मध्ये बायकांना तो हक्क मिळाला. कॉलेजला नंतर सेंट कोम्स म्हणायला लागले, आता तिथे कॉलेज नाही हे ऐकून मात्र वाईट वाटलं.

आईला तुमचे फोटो मोठे करून दाखवले. ती एकेका खिडकीवर बोट ठेवत विचारत होती, मिसबाई ह्या खोलीत बसून लिहीत असतील का गं?

काकू, पोस्टकार्डाची कलर झेरॉक्स आणि आईने केलेली भाजणी पोस्टाने पाठवलीये. पोचली की कळवा.