आठाचे चार केल्याबद्दल

आदरणीय दादा,

सा. न. फोनवर तुम्ही आभाराचं नावच काढू देत नाही, म्हणून आता चारचौघांत लिहितोय.

ऐन कापसाच्या सीझनमध्ये आमच्या जिनिंगची पावती अडायची. गाडी काट्यावर उभी, वजन स्क्रीनवर आलेलं, पण प्रिंट निघता निघत नाही. मागे गाडीवाल्यांचे हॉर्न. सॉफ्टवेअरवाल्यांचं एकच पालुपद: पावतीच्या व्हर्च्युअल मशीनला (एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभा केलेला वेगळा संगणक) आठ प्रोसेसर आहेत, बारा करा. अहो, सर्व्हरला मुळात कोअरच, म्हणजे खरे प्रोसेसर, आठ आणि त्यावर अशी मशीनं पाच!

तुम्ही सुटीवर भुसावळला आलेले, तरी आमच्याकडे जळगावला आलात. टास्क मॅनेजर सीपीयू जेमतेम वीस टक्के दाखवत होता. "आतल्या मशीनला आपण रांगेत उभे आहोत हे कळतच नाही," म्हणत तुम्ही ईएसएक्सआयवरचा (ही मशीनं चालवणारं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर) सीपीयू रेडीचा, म्हणजे काम तयार असूनही कोअरची वाट बघण्यात गेलेल्या वेळेचा, आलेख उघडलात. वीस सेकंदांच्या टप्प्याला १६,००० मिलिसेकंद. कापूस-पट्टीच्या कोऱ्या पाठीवरच हिशेब मांडलात: २०,००० ने भागून ८० टक्के, आठांत वाटून प्रत्येकी १०. पाचच्या वर गेलं की लक्ष घालायचं, दहाला त्रास होणारच.

मग ती वरण-बट्टीची पंगत! आठ जणांचं टोळकं एकत्रच बसायचं म्हणून दारात ताटकळतं, दोघं-चौघं मिळेल तिथे बसून जेवून मोकळे. पूर्वी सगळ्या व्हर्च्युअल प्रोसेसरांना एकाच वेळी कोअर लागायचे, आता तेवढी सक्ती नाही. पण एखादा फार मागे पडला की पुढे गेलेल्याला थांबवतात, त्याला को-स्टॉप म्हणतात, हेही तेव्हाच समजलं.

वीस टक्के म्हणजे आठांतले दीडच कामाला, चार पुरून उरतील, हा तुमचा हिशेब. जास्तीचे प्रोसेसर काढण्यासाठी ते व्हर्च्युअल मशीन बंद करावं लागणार, म्हणून रात्री काटा थांबेपर्यंत तुम्ही बसून राहिलात. जाता जाता फाइल सर्व्हरचेही चाराचे दोन केलेत. दुसऱ्या दिवशी भर गर्दीत रेडी प्रत्येकी दोन टक्क्यांच्या आत. गाडी काट्यावरून उतरायच्या आत पावती हातात, आणि नवा सर्व्हर घ्यायचा शेठजींचा विचार तूर्त मागे पडला, त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद तुम्ही पाहायला हवा होता.

मनापासून आभार, दादा. वहिनींसाठी बामणोदची भरताची वांगी पाठवली आहेत, ती तरी परत करू नका. आणि हजेरीच्या व्हर्च्युअल मशीनला अजून चार प्रोसेसर आहेत. आठवडाभराचे आकडे काढून ठेवतो, तेवढे बघून सांगा.

तुमचा,
जिनिंगवाला धाकटा भाऊ